खुब्याचं ऑपरेशन, मांडीच्या पुढच्या बाजूने: एका एसटी कंडक्टरचा अभिप्राय

चार तारे. पाचवा का कापला ते खाली येईलच. हॉस्पिटल पुण्यातलं आहे, नाव मुद्दाम लिहीत नाही. नाव लिहिलं की लोक तेवढंच वाचतात आणि रिक्षा करतात.

मी एसटीत कंडक्टर आहे, सातारा विभागात. उजवा खुबा सीटच्या दांड्याला टेकवायचा आणि घाटात तिकिटं द्यायची, यात निम्मी नोकरी गेली. त्यामुळे जांघेत कळ यायला लागली तेव्हा सगळ्यांनी खापर ड्युटीवरच फोडलं. आधी कंबरेचा एक्स-रे झाला, मग गुडघ्याचा. खुब्याचं दुखणं बहुतेक वेळा जांघेत जाणवतं, कधी गुडघ्यातसुद्धा, हे मला एमआरआय झाल्यावर समजलं. आजार एव्हीएन. मांडीच्या हाडाच्या वरच्या गोळ्याचा रक्तपुरवठा बंद पडतो, हाड आतल्या आत मरतं आणि गोळा चेपतो. कोविडमध्ये मला स्टेरॉइड द्यावं लागलं होतं. त्याने जीव वाचला, त्यामुळे त्याला शिव्या घालणार नाही. लवकर सापडलं असतं तर हाडाला भोक पाडून आतला दाब कमी करतात. माझा गोळा बसून गेला होता. म्हणजे सांधाच बदलायचा.

आता जाहिरातींबद्दल. हायवेवर फलक बघा: 'छोटी चीर, वेदना नाही, दुसऱ्या दिवशी घरी'. एका ठिकाणी तर काउंटरवरच्या मुलीने मला पॅकेजचं पत्रक दिलं, तपासणी व्हायच्या आधी! तिथून निघाले.

ज्यांच्याकडे शेवटी ऑपरेशन केलं ते डॉक्टर पहिल्याच भेटीत म्हणाले, "ताई, चीर किती लांब आहे ते विसरा. आत काय कापलं जातं ते विचारा." टेबलावर प्लास्टिकचा सांधा होता, तो हातात दिला. मागच्या बाजूने जायचं तर नितंबाचा मोठा स्नायू फाकवावा लागतो आणि त्याखालचे छोटे स्नायू हाडापासून सोडवून नंतर परत शिवावे लागतात. पुढून गेलं तर दोन स्नायूंच्या मधल्या फटीतून आत शिरता येतं, स्नायू बहुतेक शाबूत राहतात. भरलेल्या बसमध्ये माणसांना न ढकलता मधून वाट काढावी तसं, असं मी म्हटलं. ते हसले, पण खोडून काढलं नाही. पद्धत नवी नाही, पॅरिसमध्ये १९४७ पासून अशी ऑपरेशनं होत आली आहेत, हेही त्यांनीच सांगितलं. फलकावर मात्र 'अत्याधुनिक' लिहिलेलं असतं.

मला सगळ्यात पटलं ते हे, की तोटे त्यांनी न विचारता सांगितले. पोट सुटलेलं असेल तर जांघेच्या घडीत जखम ओली राहते. डॉक्टरांचा हात बसलेला नसेल तर मांडीचं हाड तडकण्याचा धोका असतो. मांडीच्या बाहेरच्या बाजूला बधिरपणा येऊ शकतो. आणि वर्षभराने बघितलं तर पुढून केलेला आणि मागून केलेला पेशंट साधारण सारखाच चालतो. फायदा आहे तो सुरुवातीच्या आठवड्यांचा. मी विचारलं, मग मी पुढूनच का करून घ्यायचं? तर म्हणाले, तुमचं वजन, हाड आणि नोकरी बघून. मागून केलं तर सुरुवातीला पायावर पाय टाकायचा नाही, खाली वाकायचं नाही, बुटक्या स्टुलावर बसायचं नाही, अशी लांबलचक यादी असते. पुढून केलेल्यांना ती बरीच कमी असते, कारण मागचे स्नायू सांध्याला धरून असतात.

ऑपरेशन कंबरेत इंजेक्शन देऊन झालं. मी उताणी होते, आत ठोकल्याचे आवाज ऐकू येत होते. (घाबरट असाल तर झोपेचं औषध मागून घ्या, देतात.) उताणं असण्याचा उपयोग असा की एक्स-रे मशीन टेबलावरच फिरवून कपचा, म्हणजे गोळा ज्यात फिरतो त्या वाटीचा, कोन आणि दोन्ही पायांची लांबी तिथल्या तिथे बघता येते. माझे दोन्ही पाय सारखे आले. आमच्या ओळखीच्या एका मावशी दुसरीकडे ऑपरेशन करून आल्या, त्यांना एका चपलेला जाड तळ लावावा लागतो. म्हणून ही गोष्ट मला चिरेच्या लांबीपेक्षा मोठी वाटते.

त्याच संध्याकाळी फिजिओची मुलगी वॉकर घेऊन हजर. "काकू, उठायचं." मी म्हटलं, वेडी का काय! पण उठले, दारापर्यंत गेले. जखम दुखत होती, 'वेदना नाही' वगैरे सगळं थोतांड. पण जांघेतली ती जुनी, हाडातली कळ गेलेली होती, आणि हा फरक उभं राहिल्याबरोबर कळतो. जिना तिनेच शिकवला: चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी. या मुलीला वेगळे पाच तारे. निम्मं ऑपरेशन तिने केलं असं माझं मत आहे.

आता कापलेला तारा. बिलात सांध्याची किंमत एका ओळीत, कंपनीचं नाव नाही, कपाच्या आतलं अस्तर कसलं, गोळा कसला, काही नाही. सरकारने २०१७ मध्ये गुडघ्याच्या सांध्यांच्या किमतीवर मर्यादा घातली, ती गुडघ्यापुरती. खुब्यासाठी विचारूनच घ्यावं लागतं. आम्ही दोनदा विचारल्यावर कागद मिळाला: सिरॅमिकचा गोळा, आत प्लास्टिकचं अस्तर, सिमेंट न लावता बसवलेला. सांध्याच्या खोक्यावरचे नंबर असलेले स्टिकर असतात, ते आपल्या फाइलमध्ये लावून मागा. २०१० मध्ये एका मोठ्या कंपनीने धातूवर धातू घासणारे खुबे जगभरातून परत मागवले होते, तेव्हा आपल्या अंगात कोणता बसवलाय हे या नंबरांवरूनच कळणार होतं. ही गोष्ट न मागता द्यायला हवी.

मांडीवर तळहाताएवढा भाग अजून बधिर आहे. साडी नेसताना तिथे काही कळत नाही, बाकी त्रास नाही. भारतीय संडास डॉक्टरांनी बंद करायला सांगितला, तो केला. मांडी घालून बसते कधीमधी, पंगतीत खुर्ची मागायची लाज गेली आहे. डेपोने सध्या चौकशीच्या खिडकीवर बसवलंय, चालत्या गाडीत उभं राहायची परवानगी पुढच्या तपासणीनंतर.

वजन जास्त असेल किंवा आधी त्या खुब्यात प्लेट बसवलेली असेल तर पुढूनच करा असा हट्ट धरू नका. तुमच्या डॉक्टरांचा ज्या बाजूने हात बसलाय ती बाजू चांगली. आणि पुढूनच करायचं ठरलं तर ते अशी किती करतात, हे तोंडावर विचारा. माझ्या डॉक्टरांना राग आला नाही.

एव्हीएन पुष्कळदा दोन्ही बाजूंना होतो. माझ्या डाव्या खुब्यातही सुरुवात आहे, त्यावर लक्ष ठेवून आहेत. बदलायची वेळ आली तर याच डॉक्टरांकडे जाणार, फक्त पार्किंगच्या बाजूची खोली घेणार नाही. रात्रभर रिव्हर्स हॉर्न.