लूकबुक: फोनमधलं की वहीतलं?

स्वतःचं लूकबुक, म्हणजे कशावर काय घालायचं याची सचित्र नोंद, करायचं तर दोन वाटा: फोनमधला अल्बम किंवा चिकटवही. फोन सोपा. आरशासमोर फोटो काढा, लग्न, ऑफिस असे अल्बम करा, पुण्यात तुळशीबागेत कानातले घेताना लगेच उघडा. पण फोटोत रंग फसवतो. ट्यूबलाइटखाली माझी जांभळी इरकल चक्क निळी दिसते.

मला वहीच आवडते. अप्पा बळवंत चौकातून जाड पानांची आणली आणि ब्लाउज शिवून उरलेल्या चिंध्या पानोपानी डकवल्या. लक्ष्मी रोडवर मॅचिंग सेंटरमध्ये ते पान ताग्याला लावून, दाराशी उजेडात नेऊन बघते. अस्तराची छटा तंतोतंत जुळते. शेजारी लिहून ठेवते: कुठे नेसले, गळ्यात काय घातलं होतं. रोजच्या कुर्त्यांना मात्र फोन पुरे.