परागकणांवरून खडकाचं वय काढून देणारी लॅब, माझा अनुभव

दोन बोअरमधले गाळाच्या खडकांचे 22 नमुने वय काढायला एका पॅलिनॉलॉजी (परागकणांच्या अभ्यासाच्या) लॅबला दिले होते, रिपोर्ट आलाय आणि काम खरंच मनापासून आवडलं म्हणून लिहितोय.

दोन्ही बोअरमध्ये करडा शेल (चिखलापासून बनलेला थरदार खडक) लागलेला, हातात घेतला तर अगदी सारखा, पापुद्र्यासारखा सुटणारा, त्यामुळे आम्ही सेक्शनवर (जमिनीखालच्या थरांच्या उभ्या छेदाच्या चित्रावर) सरळ रेघ मारून एकच थर म्हणून जोडून टाकला होता. ती रेघ पुसावी लागली. पहिल्या बोअरच्या शेलमध्ये दोन बाजूंना हवेच्या पिशव्या आणि मधल्या अंगावर पट्टे असलेले परागकण खच्चून भरलेले, म्हणजे पर्मियन, डायनासोरांच्या आधीचा काळ. दुसऱ्यात क्लासोपोलिस नावाचे परागकण, गोलसर, कमरपट्टा बांधल्यासारखं कडं, बरेचसे चार-चार चिकटलेले, म्हणजे मेसोझोइक, डायनासोरांचा काळ. मधे कोट्यवधी वर्षं गेलीत आणि नुसत्या डोळ्यांना काही म्हणजे काही कळत नव्हतं!

पण खरं कौतुक पुढे आहे. पहिल्या बोअरचे नमुने कटिंग्जचे (ड्रिलिंग करताना चिखलाबरोबर वर येणाऱ्या खडकाच्या तुकड्यांचे) होते, आणि त्याच पर्मियन शेलमध्ये तीन चिरांचे काही परागकण पण निघाले. हे सपुष्प वनस्पतींचे, क्रिटेशसच्या (मेसोझोइकचा शेवटचा भाग) आधी मिळत नाहीत, घाई करणाऱ्याने अख्खा थर क्रिटेशस ठरवला असता. यांनी स्पष्ट लिहिलं की हे वरच्या थरातून ढासळून आलेत, कारण त्यांचा रंग फिकट पिवळा आणि बाकीचे गडद तपकिरी, खोल पुरून तापलेले. म्हणून तर कटिंग्जमध्ये वरून खाली जाताना एखादा प्रकार पहिल्यांदा कुठे दिसतो त्यावरच जास्त भरवसा ठेवतात.

याआधी दुसऱ्या एका लॅबने आम्हाला वयाची एक ओळ दिली होती, बस्स, मोजणी नाही, फोटो नाहीत, ताडून बघणार कशावरून? इथे प्रत्येक स्लाइडची मोजणी, फोटो आणि स्लाइड्स पण परत मिळाल्या.

एक तक्रार मात्र आहे. लाल मडस्टोनचे 3 नमुने रिकामे निघाले. लाल म्हणजे ऑक्सिडाइज झालेला, त्यात परागकण टिकत नाहीत, हायड्रोफ्लोरिकमध्ये (खडक विरघळवणाऱ्या आम्लात) घालायच्या आधीच फोन करून सांगायला हवं होतं, फॉर्मवर रंग लिहिलेला होता. त्याऐवजी मी शेजारचा काळा शेल दिला असता.

आता त्याच खोलीवरचा कोअर (अखंड कापून काढलेला दगडाचा दंडगोल, त्यात वरचं काही ढासळून मिसळत नाही) यांनाच पाठवतोय, त्यात ते तीन चिरांचे निघता कामा नयेत.