फासे नाहीत, हर्रास आहे: अँबर डाइसलेस खेळून पाहिला

रोलप्लेइंग गेम, म्हणजे प्रत्येकाने एक कॅरेक्टर घेऊन बोलत बोलत खेळायची गोष्ट, म्हटलं की पोट्ट्यांना आधी फासे दिसतात. वीस बाजूंचा फासा फेकला, आकडा मोठा आला तर तलवार लागली, नाही तर हुकली, विषय संपला. अँबर डाइसलेसमध्ये फासाच नाही. एरिक वुजसिकने १९९१ ला काढलेला गेम आहे, रॉजर झेलाझ्नीच्या अँबर कादंबऱ्यांवर, एक राजघराणं अन् सगळे भाऊबहीण गादीसाठी एकमेकांच्या मुळावर उठलेले. पुण्यात नोकरीला असलेल्या मावसभावाने पुस्तक गावी आणलं अन् सोयाबीन निघाल्यावर संध्याकाळी छपरीत बसून आम्ही खेळायला लागलो.

सगळ्यात पहिले होतो हर्रास. प्रत्येकाजवळ १०० पॉइंट, अन् चार गुण बोलीवर: सायकी म्हणजे मनाची ताकद, स्ट्रेंग्थ म्हणजे अंगातली ताकद, एन्ड्युरन्स म्हणजे दम, आणि वॉरफेअर म्हणजे तलवार अन् लढाईचं कसब. ज्याची बोली सगळ्यात मोठी तो त्या गुणात पहिल्या नंबरवर, बाकीचे बोलीप्रमाणे खाली. आर्वीच्या बाजार समितीत बोली हरला तर व्यापाऱ्याचे पैसे खिशातच राहतात, इथं हरणाऱ्याचेही पॉइंट गेले म्हणून समजा, दुसऱ्या नंबरचाही तेवढाच रिकामा होतो. त्यात कोणी वॉरफेअरवर चाळीसच्या वर नेलं की बाकीचे पाहतच राहतात, कारण पुढे पॅटर्न, म्हणजे एका दुनियेतून दुसरीत जायची राजघराण्याची शक्ती, घ्यायचा तर तोच ५० चा आहे. पॉइंट कमी पडले तर एखादा गुण साध्या माणसाच्या लेव्हलला पाडून २५ पॉइंट परत घेता येतात, पण मग त्या बाजूने कोणी आलं की मेलाच. हा हर्रास म्हणजे अर्धा गेम आहे, मला तर पूर्ण पुस्तकात हाच भाग सगळ्यात भारी वाटला.

आता भांडणाचं. नियम एका ओळीचा आहे, ज्याचा नंबर वर तो जिंकतो. पहिल्यांदा ऐकलं की वाटते, मंग खेळायचं कायले? पण खरी मजा ही की लढाई कोणत्या गुणावर होईल हेच भांडण आहे. आमच्यात एक जण तलवारीत तळाला होता पण ताकदीत पहिला, तो जिन्यावर वॉरफेअरवाल्यासमोर आला अन् तलवार सोडून सरळ कंबरेला मिठी मारायला धावला. वॉरफेअरवाला म्हणे, "थांब बे, मी जिन्यावर वर आहो, तुले जवळ येऊच नाही देत." मग गेममास्टरने, म्हणजे गोष्ट चालवून निकाल देणाऱ्याने, विचारलं, मागे पाय कुठं ठेवतं ते सांग. मागे दार होतं अन् ते बंद होतं. झालं, मिठी बसली, फासा असता तर हे दार कोणी विचारलंच नसतं. दोघं जवळपास सारखे असले तर लढाई लांबते अन् मग ज्याचा दम जास्त त्याचं पारडं जड, म्हणून कोणी एन्ड्युरन्सला फालतू समजू नका.

आणखी एक डोकेबाज गोष्ट. हर्रास झाल्यावर गुपचूप पॉइंट टाकून आपला नंबर वर सरकवता येतो, पहिल्या नंबरच्या वर मात्र नाही. त्यामुळे समोरच्याचा खरा नंबर कळत नाही, अन् लोक लढायच्या आधी लय वेळ एकमेकांना जोखत बसतात, थोडं छेडतात, मागे सरतात, खोटं बोलतात. मला वाटते घराण्याचं राजकारण दाखवायला याच्यापेक्षा सोपी युक्ती नसेल.

पण सगळा भार गेममास्टरवर आहे बाप्पा. फासा वाईट पडला तर फाशाला शिव्या देता येतात, इथं शिव्या खायला समोर माणूस बसलेला असतो. गेममास्टर सख्खा भाऊ असेल तर नकोच, प्रत्येक निकालावर "तू त्याच्याकडूनच बोलून राहिला" सुरू होते. शिवाय जो जास्त बोलका तो जास्त जिंकते, हे खरंच होते. आमच्यातला एक शांत पोट्टा पहिल्या दोन भांडणांत नुसता दबला, मग गेममास्टर त्याला आधी बोलायला लावायचा, तेव्हा कुठे जमलं. पुस्तक यावर बरंच काही समजावते, लढाईची उदाहरणं संवादासकट लांबलचक दिलेली आहेत, इंग्रजी जड आहे पण तीच पानं आधी वाचा, शक्तींची यादी मागून पाहिली तरी चालते.

कॅरेक्टरची डायरी लिहिली तर १० पॉइंट मिळतात. त्याच शांत पोट्ट्याने शाळेच्या रजिस्टरात अस्सल वऱ्हाडीत लिहून आणली, राजपुत्र म्हणे, "मले गादी नाही पाहिजे, पण त्यालेही नाही भेटली पाहिजे." दिले १० पॉइंट, आणखी मागितले असते तरी दिले असते.

तिघांत खेळू नका, हर्रासात रंगच भरत नाही, पाच जण तरी जमवा. अन् कादंबऱ्या वाचलेल्या नसतील, वाचायच्याही नसतील तर २०१३ चा लॉर्ड्स ऑफ गॉसमर अँड शॅडो पाहा, तीच हर्रासवाली पद्धत आहे, दुनिया वेगळी.