गाडीतल्या अ‍ॅम्पची अर्थची वायर कुठे मारावी: बॉडीला, बॅटरीला की आयसोलेटर लावून मोकळं व्हावं?

डिकीत अ‍ॅम्प (आवाज मोठा करणारा अ‍ॅम्प्लिफायर) आणि वूफर (बासचा मोठा स्पीकर) बसवून घेतला, गाडी सुरू केली आणि एक्सलेटर दाबाल तशी स्पीकरमधून बारीक शिट्टी चढायला लागली, तर तो आवाज अल्टरनेटरचा, म्हणजे इंजिनवर फिरून वीज तयार करणाऱ्या यंत्राचा. अ‍ॅम्प बिघडलेला असण्याची शक्यता कमीच. स्टीरिओने अर्थ, म्हणजे निगेटिव्हची जोडणी, घेतलेला असतो डॅशबोर्डमागे आणि अ‍ॅम्पने डिकीत. इंजिन चालू असताना या दोन जागांमध्ये व्होल्टेजचा किंचित फरक पडतो. स्टीरिओतून अ‍ॅम्पला आवाज नेणाऱ्या आरसीए केबलच्या बाहेरच्या तारेच्या जाळीतून मग नको तो करंट वाहतो (हीच अर्थची फेरी, म्हणजे ग्राउंड लूप) आणि अ‍ॅम्प त्यालाही गाणं समजून मोठा करतो.

यावर तीन उपाय सुचवले जातात. पण रत्नागिरी-मालवणकडच्या गाडीसाठी पुण्यातला सल्ला जसाच्या तसा चालत नाही. इथे खारा वारा बारमाही, वर वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस.

पहिला उपाय, अ‍ॅम्पजवळच बॉडी अर्थ, म्हणजे वायर गाडीच्या पत्र्यालाच जोडायची. माझं मत यालाच, फक्त काम मन लावून व्हायला हवं. वायर दीड फुटाच्या आत आणि अ‍ॅम्पला वीज आणणाऱ्या पॉझिटिव्ह वायरीच्या जाडीचीच. बोल्टच्या जागी रंग पॉलिश पेपरने घासून पत्रा चकचकीत दिसेपर्यंत काढायचा. नुसता रंगावर लग (वायरच्या टोकाची धातूची कडी) दाबून आवळला तर आज वाजेल, पावसाळ्यात कुरकुरेल. लगखाली दातेरी वॉशर टाका, म्हणजे तो पत्र्यात रुततो. बोल्ट आवळून झाल्यावर सगळ्या जोडावर ग्रीस किंवा रंगाचा जाड हात मारा. पुण्यात हा शेवटचा हात राहिला तर काही वर्षं निघून जातात. किनाऱ्यावर घासलेला उघडा पत्रा लगेच तांबूस धरतो आणि तीच शिट्टी परत येते. सीटबेल्टचा बोल्ट आयता मिळतो म्हणून त्यालाच अर्थ मारणारे आहेत. तसं करू देऊ नका, तो जीव वाचवायचा बोल्ट आहे.

दुसरा, डिकीपासून थेट बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत वायर. ऐकायला भक्कम वाटतं, पण लांबी आडवी येते. आठ चौरस मिलिमीटरच्या चांगल्या तांब्याच्या पाच मीटर वायरीत, अ‍ॅम्प तीस अँपिअर ओढत असेल तर साधारण 0.3 व्होल्ट वाटेतच पडतात. तीच वायर चाळीस सेंटिमीटरची असेल तर 0.03 व्होल्टसुद्धा नाही. शिवाय स्टीरिओचा अर्थ डॅशबोर्डमागेच राहिला, म्हणजे दोन जागांमधला फरक तसाच. हा मार्ग जुन्या, पत्रा खाल्लेल्या गाडीला ठीक, जिथे डिकीत घासण्यासारखा धड पत्राच उरलेला नाही. मग वायर जाड घ्या आणि निव्वळ तांब्याची घ्या. वरून तांब्याचा मुलामा आणि आत अ‍ॅल्युमिनियम असलेली स्वस्त वायर रोध जास्त दाखवते, आणि कापलेल्या टोकाला खारी हवा लागली की पांढरी भुकटी धरते. नव्या गाडीत बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर करंट मोजणारा सेन्सर असेल तर वायर सरळ टर्मिनलला लावू नका. सेन्सरच्या पलीकडे, बॉडीच्या बाजूला जोडा, नाहीतर त्याचा हिशेब चुकतो.

तिसरा उपाय, आरसीएवर लावायचा ग्राउंड लूप आयसोलेटर. आत छोटे ट्रान्सफॉर्मर असतात. आवाज पुढे जातो, अर्थची जोडणी तुटते. पाच मिनिटांत शिट्टी बंद. पण स्वस्तातला असेल तर खालचा बास खातो, म्हणजे ज्यासाठी वूफर घेतला तेच गेलं. आणि गंजलेला जोड आत गंजतच राहतो.

ठरवण्याआधी मल्टिमीटर लावा. इंजिन चालू, गाणं मोठ्याने, एक प्रोब अ‍ॅम्पच्या निगेटिव्हला आणि दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हला. आकडा 0.1 व्होल्टच्या आत असेल तर अ‍ॅम्पच्या अर्थला हात लावू नका. मग स्टीरिओची काळी वायर तपासा, किंवा आरसीए केबल पॉझिटिव्ह वायरीच्या गळ्यात गळा घालून तर नेलेली नाही ना ते पाहा. आकडा अर्ध्या व्होल्टच्या आसपास गेला तर आधी बॉनेट उघडा. इंजिनपासून बॉडीला येणारी अर्थपट्टी आपल्याकडे बऱ्याचदा हिरवी-पांढरी पडलेली असते. ती बदलायला फार खर्च नाही, आणि कधीकधी तेवढ्यावरच भागतं.

अ‍ॅम्प नाही, नुसता फोन चार्जरला लावून ऑक्सवर (स्टीरिओला केबलने फोन जोडून) गाणी ऐकताना कूं-कूं येते? तिथेही अर्थचीच फेरी असते. चार्जर काढल्यावर आवाज गेला तर ब्लूटूथवर ऐका, किंवा ऑक्सचा छोटा आयसोलेटर घ्या. इथे वूफर नसल्याने तो खपून जातो.

काम कार डेकोरवाल्याकडून करून घेणार असाल तर डिकीचं कार्पेट परत बसवण्याआधी जोड उघडा दाखवायला सांगा. लगखाली रंग दिसला तर तिथेच थांबवा.