थिन सेक्शन नळीतून की पडद्यावर?

विभागाला थोडे पैसे मंजूर झाले की भूशास्त्राच्या मास्तरांपुढे हल्ली हा पेच पडतोच. थिन सेक्शन, म्हणजे प्रकाश आरपार जाईल इतका पातळ खडकाचा काप, बघायला आणखी दोन पेट्रॉलॉजिकल (ध्रुवित प्रकाशाचे) मायक्रोस्कोप घ्यायचे, की तेवढ्यात प्रोजेक्टर आणि बरं इंटरनेट घेऊन ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीचा व्हर्च्युअल मायक्रोस्कोप वर्गात लावायचा? मी दोन्हींवर शिकवलंय आणि माझं माप एका बाजूला झुकलेलं आहे, हे आधीच सांगतो. भिंगं किती, वर्धन किती, हे कॅटलॉगात असतंच, त्यात शिरत नाही.

माझं मत ठरलं ते एका क्षुल्लक वाटणाऱ्या कटकटीमुळे. ऑब्जेक्टिव्हचा (खालच्या भिंगाचा) आणि स्टेजचा (काप ठेवायच्या फिरत्या चकतीचा) मध्य जुळलेला नसेल, तर स्टेज फिरवायला लागताच खनिजाचा दाणा क्रॉसवायर (मधली फुली) सोडून कंस काढत निघून जातो. कधी कधी पार नजरेआड. मध्य जुळवायला बारीक स्क्रू असतात. आमच्याकडे पाच मायक्रोस्कोपांत मिळून ते फिरवायची किल्ली एक. ती माझ्या शर्टाच्या खिशात, म्हणजे अधूनमधून धोब्याकडे. सकाळी साडेदहाला पाचही सेट करायचे, पहिल्या बॅचनं हाताळले की साडेबाराच्या बॅचला दोन तरी ढळलेले.

एकदा दुसऱ्या वर्षाच्या बॅचला घाटातला बेसाल्ट दिला होता. दाणा फिरवताना किती अंशांवर काळा होतो, म्हणजे त्याचं एक्स्टिंक्शन, यावरून खनिज ओळखायचं होतं. एक मुलगी म्हणाली, "सर, चौदा अंशाला काळा झाला." मी वाकून बघितलं. क्रॉसवायरखाली प्लॅजिओक्लेज खनिज, पट्ट्यापट्ट्यांचं. तिनं क्लीवेज (खनिज फुटण्याच्या रेषा) जुळवून पहिलं रीडिंग घेतलं होतं ते शेजारच्या ऑजाइट या दुसऱ्या खनिजावर. स्टेज फिरवताना ऑजाइट सरकला, त्याच्या जागी हा आला, आणि हा काळा झाल्यावर तिनं दुसरं रीडिंग घेतलं. ऑजाइटला चाळिसाच्या आसपास कोन यायला हवा. चौदा आल्यावर तिनं पुस्तक उघडून हॉर्नब्लेंड लिहून टाकलं होतं. तिच्या तर्कात चूक नव्हती, दाणाच बदलला होता. जर्नलं तपासायला घेतली तेव्हा सात जणांच्या बेसाल्टात, जिथं ते सहसा नसतं, हॉर्नब्लेंड निघालं, तेही अगदी चौदाच अंशांचं!

यावर उपाय म्हणून आयपीसवर कॅमेरा बसवून बघितला. फरक एवढाच पडला, की दाणा पळताना आता सगळ्या वर्गाला दिसायला लागला.

व्हर्च्युअल मायक्रोस्कोपमध्ये ही भानगडच नाही. स्लाइडवर काही जागा खुणा करून ठेवलेल्या असतात. तिथं क्लिक केलं की तेवढा भाग जागच्या जागी फिरतो, साध्या ध्रुवित प्रकाशातला आणि क्रॉस निकोलमधला (एकमेकांना आडव्या दोन ध्रुवकांमधला), दोन्ही शेजारी शेजारी. बायोटाइटचा तपकिरी रंग फिका पडताना वीसही जणांना एकाच वेळी दिसतो. मी बोट ठेवतो तोच दाणा ते बघत असतात, याची खात्री मला पंधरा वर्षांत पहिल्यांदा वाटली. पैसेही पडत नाहीत. दुपारी कॉलेजचं नेट दमलं की चित्र चौकोनाचौकोनानं उजळत राहतं, तेवढं सोसावं लागतं.

शिवाय संग्रहात अपोलो मोहिमांनी आणलेल्या खडकांची सेक्शन आहेत. आपल्या बेसाल्टाचं वय साधारण ६.६ कोटी वर्षं, अपोलो ११ च्या बेसाल्टांचं साडेतीनशे कोटींच्या पुढं. मुलांना नवल वाटतं ते चंद्राच्या खडकाच्या ताजेपणाचं. पाण्याचा स्पर्शच नसल्यामुळे खनिजं कालच थिजल्यासारखी स्वच्छ. मग आपल्या दगडातली मातकट, हिरवट झालेली ज्वालामुखी काच आणि झिओलाइट खनिजानं भरलेल्या पोकळ्या दाखवल्या, की पाणी खडकाचं काय करतं ते वेगळं सांगावं लागत नाही.

आता नळीच्या, म्हणजे खऱ्या मायक्रोस्कोपच्या बाजूनं, कारण तिचंही वजन आहे. बेके लाइन पडद्यावर दाखवता येत नाही. फोकस किंचित वरखाली केला की दाण्याच्या कडेची उजळ रेघ आत किंवा बाहेर सरकते, आणि वक्रीभवनांक कुणाचा जास्त ते कळतं. पडद्यावरचं चित्र एकाच फोकसला घेतलेलं, त्याला फाइन फोकसची चकतीच नाही. मिशेल-लेव्ही पद्धतीनं प्लॅजिओक्लेज ओळखायचं तर बरेच दाणे फिरवून बघावे लागतात. पडद्यावर फिरतात ते खुणेच्या जागेवरचेच. आणि सहलीत स्वतः फोडून आणलेला दगड कार्बोरंडमच्या पुडीवर घासत ०.०३ मिलिमीटरवर आणायचा, शेवटच्या क्षणी तो काचेवरून नाहीसा व्हायचा, मग पुन्हा घासायला बसायचं, हे कुठल्याच पडद्यावर होत नाही. परीक्षेला येणारे एक्स्टर्नलही मुलाचा हात स्टेजवरच बघू इच्छितात. बहुधा बरोबरच आहे त्यांचं.

तेव्हा विभागात चालू स्थितीतला एकही मायक्रोस्कोप नसेल, तर आधी तो घ्या, यात वाद नको. पण दोन-तीन धडके असतील, तर चौथा-पाचवा घेण्यापेक्षा मी पैसे पडद्याकडे वळवीन. तुमच्याकडची मुलं, तुमचा हात वेगळा असेल. आमच्याकडे मात्र पहिले सहा आठवडे पडदा आणि नंतर नळी, असा क्रम ठेवल्यापासून बेसाल्टातलं हॉर्नब्लेंड जवळपास नाहीसं झालं. एक्स्टिंक्शन म्हणजे नेमकं काय काळं व्हायचं, हे डोळ्यांना आधीच ठाऊक असतं. नळीखाली दाणा पळाला, तर पळाला एवढं तरी मुलांच्या लक्षात येतं.

आणि एवढं वाचूनही मायक्रोस्कोपच घ्यायचं ठरलं, तर ऑर्डरमध्ये सेंटरिंगच्या किल्ल्या दोन जास्तीच्या लिहा.