मालक नसलेल्या माणसाकडून मी बोट विकत घेतली

मी २५,४८० पौंड मोजून बोट घेतली. ज्याला मोजले त्याचा त्या बोटीतल्या एका खिळ्यावरही हक्क नव्हता. चार वर्षं ही गोष्ट घराबाहेर काढली नाही. मंडळाच्या गणपतीत कुणी विचारलं, "काय रे, बोट काय म्हणतेय?" की "विकली" म्हणून विषय बदलायचो. गेल्या आठवड्यात नॉर्थॅम्प्टनच्या एका मराठी जोडप्याचा फोन आला. कालव्यावरची जुनी बोट घ्यायची आहे, विकणारा भला माणूस वाटतो, फक्त त्याला जरा घाई आहे. "घाई" हा शब्द कानावर पडला आणि ठरवलं, लाज गेली चुलीत, आता लिहायचंच.

आम्ही इंग्लंडमध्ये मिल्टन कीन्सला राहतो. घरामागून ग्रँड युनियन कालवा जातो. २३ मार्च २०२० ला लॉकडाऊन जाहीर झाला, दिवसातून एकदाच व्यायामाला बाहेर पडायची मुभा, आणि आम्ही चौघं रोज कालव्याकाठच्या पायवाटेने जायचो. तिथे नॅरोबोटी बांधलेल्या असायच्या. मिडलँड्सकडचे, म्हणजे मध्य इंग्लंडातले, जुने लॉक (पाणी कमी-जास्त करून बोट वर-खाली नेणारे दरवाजे) सात फूट रुंदीचे, म्हणून या बोटी ६ फूट १० इंच रुंद. आगगाडीच्या डब्यासारख्या लांबट, छतावर धुराडं, आत शेगडी. वेग ताशी चार मैल, त्याहून जास्त चालवायची परवानगीच नाही. दाभोळच्या खाडीत माझ्या आजोबांची होडी होती. बाबा आयुष्यभर ती होडी सांगत आले. सप्टेंबर २०२० मध्ये रत्नागिरीत बाबा कोविडने गेले आणि मी फोनच्या पडद्यावर अग्नी पाहिला. विमान मिळालं नाही. बोटीचं वेड त्यानंतर बळावलं, हे मला कळतं. पण वेड लागणं हा गुन्हा नाही. त्या वेडाचा वास घेऊन आलेला माणूस गुन्हेगार होता.

जाहिरात नोव्हेंबरमध्ये दिसली. ४५ फुटी, १९९९ ची, मागणी २४,९५० पौंड. त्या वर्षी सगळ्यांनाच परदेशाऐवजी कालवा दिसायला लागला होता, बोटी हातोहात जात होत्या, भाव चढले होते. त्यामुळे ही किंमत थोडी कमी होती, पण डोळे विस्फारावेत इतकी नाही. हे मुद्दाम सांगतो. "स्वस्त बघून भुललास" असं मला नंतर तिघांनी ऐकवलं. नाही भुललो. त्या माणसाला बरोबर ठाऊक होतं किती कमी सांगायचं.

तो म्हणाला, बोट आईची. आई एप्रिलमध्ये कोविडने गेली. आपण उत्तरेकडे राहतो, बोट बघवत नाही, लवकर कुणातरी प्रेमाने वापरणाऱ्याकडे जावी. मी बाबांचं सांगितलं. फोनवर दोघंही थोडा वेळ गप्प होतो. २८ नोव्हेंबरला, बोट न बघता, मी १,००० पौंड बयाणा भरला. दुसरा लॉकडाऊन चालू होता, २ डिसेंबरपर्यंत बघायला जाताच येत नव्हतं. आता सांगतो: मेलेल्या माणसाची बोट कुणी विकत असेल तर प्रोबेटचा कागद मागा, म्हणजे वारसाला ती मालमत्ता विकायचा अधिकार देणारा कोर्टाचा कागद. तो रडत असला तरी मागा. मी मागितला नाही, कारण अडीच महिन्यांपूर्वी बाप गेलेला मुलगा दुसऱ्याकडे त्याच्या आईच्या मरणाचा पुरावा कसा मागणार? तुम्ही मागितला असता का?

५ डिसेंबरला बोट पाहिली. कालव्यावरचा ब्लिसवर्थचा बोगदा ओलांडून पुढे, पायवाटेच्या पलीकडच्या काठाला, एका शेतकऱ्याच्या जमिनीला बांधलेली. हिरवी, कडेला लाल पट्टा. आत लोकरीचं पांघरूण, चहाचे चार कप आकड्यांना टांगलेले. मी म्हटलं इंजिन चालू करून दाखवा. त्याने चावी फिरवली, काहीच नाही. पुन्हा फिरवली. मग तो कपाटं उघडायला लागला. आधी सिंकखालचं, मग बिछान्याखालचं, मग शेगडीशेजारचं. बॅटरीचा मेन स्विच शोधत होता. मी त्या आठ महिन्यांत बोटींचे शेकडो व्हिडिओ पाहिले होते. मागच्या दाराशी पायरी होती, तिच्याखाली हात घातला, लाल प्लास्टिकची चावी लागली, फिरवली. इंजिन धडधडलं. तो हसला, म्हणाला, "तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहिती आहे." आणि मी खूश झालो.

तोच क्षण होता. रात्री झोपेतून उठून मी अजून त्या पायरीपाशी जातो. स्वतःच्या आईच्या बोटीत लहानाचा मोठा झालो सांगणाऱ्याला मेन स्विच सापडत नाही? प्रत्येक वेळी बोट सोडून जाताना जो बंद करायचा, आल्यावर जो सगळ्यात आधी चालू करायचा, तो स्विच? घरातल्या माणसाला अंधारातही दिव्याचं बटण सापडतं. मी माझ्या हुशारीत इतका बुडालो होतो की समोरचा माणूस परक्याच्या घरात चाचपडतोय हे दिसलं नाही. बोट बघायला जाल तेव्हा तोंड बंद ठेवा, हात खिशात ठेवा. पाण्याच्या टाकीचं झाकण, पाण्याखालच्या पंख्यातलं गवत काढायची झडप, गॅसचा नळ, सगळं त्यालाच दाखवू द्या. मदत करू नका.

पुढचं सगळं एकाच शब्दावर चाललं: कोविड. बोट पाण्याबाहेर काढून तळाच्या पत्र्याची जाडी मोजायची म्हटलं तर, "कोविडमुळे ड्राय डॉक फेब्रुवारीपर्यंत भरलेत, दुसरा गिऱ्हाईक थांबत नाही." मला सर्व्हेचा आणि बोट बाहेर काढायचा मिळून ६४० पौंडांचा अंदाज आला होता. ते वाचवून मी २५,४८० घालवले. सर्व्हेअर काही मालकी तपासत नाही, पण बोट डॉकपर्यंत न्यायची तर चार माणसं ती बोट ओळखणारी भेटतात. खरेदीची जुनी पावती मागितली तर, "आईचे कागद घरात आहेत, लॉकडाऊनमुळे जाता येत नाही." लायसन्स नावावर करू म्हटलं तर, "मार्चअखेरपर्यंत भरलेलं आहे, एप्रिलमध्ये तुमच्या नावाने काढा, आत्ता कार्यालयं बंद आहेत." हे धडधडीत खोटं. बोट विकली की लायसन्स नव्या मालकाकडे जात नाही, त्याला स्वतःचं काढावं लागतं. कालवे सांभाळणाऱ्या कॅनाल अँड रिव्हर ट्रस्टच्या संकेतस्थळावर हे साध्या शब्दांत आहे. मी वाचलं ते मे २०२१ मध्ये.

आणि हेही ध्यानात घ्या, लायसन्स असलं तरी ते मालकीचा पुरावा नाही. चार वर्षं चालणारं सुरक्षा प्रमाणपत्र बोटीचं असतं, माणसाचं नाही. विमा कंपनी तुम्ही सांगाल ते लिहून घेते. माझा विमा १४८ पौंडांत दहा मिनिटांत झाला, दुसऱ्याच्या बोटीवर! गाडीला नोंदणीचं पुस्तक असतं, तसं या कालव्यांवरच्या बोटीला सक्तीचं काहीच नाही. म्हणून बोट तयार करणाऱ्याच्या बिलापासून आजच्या मालकापर्यंत पावत्यांची साखळी लागते. जून १९९८ नंतर तयार झालेल्या बोटीवर अक्षरं-आकडे मिळून १४ चा क्रमांक असायला हवा, तो कागदावरच्या क्रमांकाशी स्वतः जुळवा.

१२ डिसेंबर, शनिवार. ठरलेल्या २३,५०० पैकी उरलेले २२,५०० आणि वर्षभर बोट बांधून ठेवायच्या जागेचे १,९८० पाठवायचे होते. जागेचं भाडं आपण शेतकऱ्याला आधीच भरलंय, ते आपल्याला द्या, म्हणाला. बँकेच्या ॲपमध्ये नाव आणि खातं टाकलं तर सूचना आली: नाव या खात्याशी जुळत नाही. त्याला फोन केला. "हो हो, भागीदाराचं खातं आहे, आईचं गोठवलंय ना." मी "पुढे जा" हे बटण दाबलं. या सूचनेची सोय त्याच वर्षी इथल्या मोठ्या बँकांत सुरू झाली होती, आणि मला वाटलं नवीन आहे, चुकत असेल. नाव जुळत नसेल तर पैसे पाठवू नका. खुलासा ऐकायलाही थांबू नका.

बोटीबरोबर बांधणीची जागा आपोआप मिळत नाही. जागा ज्याची, करार त्याच्याशी. शेतकऱ्याच्या फाटकावर पांढऱ्या पाटीवर फोन नंबर रंगवलेला होता. मी ते फाटक चार वेळा उघडलं, चार वेळा लावलं. एकदाही तो नंबर फिरवला नाही.

१९ डिसेंबरला एकटा जाऊन नव्या चार बॅटऱ्या बसवल्या, ४१२ पौंड. पाण्याचा पंप ९६. दुसऱ्या दिवशी आमच्याकडे टियर ४, म्हणजे सगळ्यात कडक निर्बंध, लागलं, मग जानेवारीत तिसरा लॉकडाऊन. मजेसाठी बोटीवर जायला बंदी. तीन महिने मी नकाशावर मार्ग आखत बसलो. बायकोने १३ एप्रिलला, पाडव्याला, बोटीवर गुढी उभारायची ठरवलं होतं. कळकाची काठी बोटीच्या छताच्या मापाने कापून ठेवली होती.

३ एप्रिल २०२१, ईस्टरचा शनिवार. मुलांना घेऊन गेलो तर धुराड्यातून धूर निघत होता. मागच्या डेकवर सत्तरीच्या एक बाई मास्क लावून उभ्या होत्या. त्यांच्या हातात तो आकड्यावरचा कप होता. त्यांनी शांतपणे विचारलं, "तुम्ही कोण?"

मेलेली आई ती हीच. वर्षभर घरात कोंडून घेतलं होतं, फुफ्फुसांचा आजार होता म्हणून. हिवाळ्यात अधूनमधून इंजिन चालवून बघ, म्हणून पूर्वी दुरुस्तीला येणाऱ्या एकाला चावी दिली होती. जागेचं भाडं त्यांच्या बँकेतून शेतकऱ्याला महिन्याच्या महिन्याला जातच होतं. माझ्याकडची सहीची पावती त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचली. मुलगी मागून विचारत होती, "बाबा, आपण आत का जात नाही?" मी चावी त्यांच्या हातात ठेवली. कायदाही तेच सांगतो: जो मालक नाही तो मालकी देऊ शकत नाही, घेणारा कितीही प्रामाणिक असो.

आता यंत्रणेबद्दल. फसवणुकीच्या तक्रारींच्या फोनवर ५० मिनिटं वाट पाहून सगळं सांगितलं, एक क्रमांक मिळाला. बोटीची चोरी आहे, स्थानिक पोलिसांकडे जा, म्हणाले. स्थानिक पोलीस म्हणाले, बोट जागेवरून हललेलीच नाही, मालकिणीकडेच आहे, मग चोरी कसली? ही फसवणूक, तिकडे तक्रार करा. तिकडे केली आहे म्हटलं, तर हा दिवाणी वाद आहे, वकील गाठा. माझ्याकडे त्याचा फोन नंबर होता, गाडीचा अर्धा नंबर लेकीला आठवत होता, तेवीस संदेश होते, पैसे गेलेलं खातं होतं! बाई स्वतः जबाब द्यायला तयार होत्या, त्यांना कुणी बोलावलं नाही. सात आठवड्यांनी पत्र आलं: तपासाला पुरेसे धागे नाहीत. धागे? अख्खा दोरखंड त्यांच्या हातात दिला होता. ज्या बँकेत त्याचं खातं, ती म्हणाली तुम्ही आमचे ग्राहक नाही, काही सांगता येणार नाही. माझी बँक म्हणाली, तुम्ही वस्तू डोळ्यांनी पाहून घेतली, सूचना डावलली, आम्ही काय करणार. प्रत्येक ठिकाणी जन्मतारीख सांगायची, पहिल्यापासून कहाणी सांगायची, आणि पलीकडच्या माणसाच्या आवाजात तेच: इतका शिकलेला माणूस, कसा फसलास? त्या आवाजाची चीड २५,४८० पेक्षा मोठी आहे. ज्याने लुटलं त्याला कुणी एक प्रश्न विचारला नाही. मला शंभर विचारले.

बँकेने नकार दिला तरी तिथे थांबू नका. बँकेचं अंतिम उत्तर हातात आलं की सहा महिन्यांच्या आत आर्थिक लोकपालांकडे जाता येतं, फी नाही. माझे ११,२५० पौंड, म्हणजे मोठ्या रकमेचे निम्मे, त्या वाटेने परत आले. ७ ऑक्टोबर २०२४ पासून इथल्या बँकांना अशा फसवणुकीत ८५,००० पौंडांपर्यंत भरपाई देणं बंधनकारक झालंय. आमच्या वेळी सगळं बँकांच्या राजीखुशीवर होतं. पण त्या नियमावर विसंबून पैसे पाठवू नका, खाजगी वाद म्हणून बाजूला काढायची वाट अजून उघडी आहे. विमा, पंप धरून माझे १४,४७४ गेले ते गेले.

२०२१ च्या मे महिन्यात बाईंचा चेक आला, ४१२ चा, बॅटऱ्यांचा. पाकिटात चार ओळी होत्या, की इंजिन आता पहिल्या झटक्यात चालू होतं. पंपाचं त्यांना माहीत नव्हतं, मी सांगितलं नाही. गुढी त्या वर्षी बाल्कनीतच उभारली, आखूड काठीवर.

नॉर्थॅम्प्टनच्या त्या जोडप्याला मी एवढंच विचारलं, बोट कुठे बांधलीय, आणि त्या जागेच्या मालकाशी बोललात का. नाही म्हणाले, नंबर आहे, आज लावतो. पाच दिवस झाले, त्यांचा फोन आलेला नाही.