संहिता-परीक्षण सेवा : अकरा 'साभार परत' आल्यानंतरचा माझा अनुभव

पैसे घेऊन तुमची संहिता पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायची आणि तिच्यावर लेखी अहवाल द्यायचा, अशी एक सेवा मी घेतली. सेवा म्हणजे खरं तर एकच व्यक्ती आहे, आयुष्यभर दुसऱ्यांच्या पुस्तकांवर काम केलेल्या एक संपादक बाई. त्यांचं नाव मी इथे घालत नाही. पुढे काही तक्रारीही लिहिणार आहे, आणि एकटीने चालवलेल्या कामाला त्यामुळे धक्का बसावा असं मला वाटत नाही. पण पहिलं पुस्तक हातात घेऊन प्रकाशकांची दारं ठोठावणारा कुणी अशा सेवेचा विचार करत असेल, तर मला काय मिळालं आणि काय नाही हे त्याला कळायला हवं.

मी 22 वर्षं रक्तपेढीत तंत्रज्ञ म्हणून काम करते. माझी कादंबरी रात्रपाळीत काम करणाऱ्या एका तंत्रज्ञ बाईची आहे. दर तीन महिन्यांनी न चुकता येणारा एक रक्तदाता एकदा येतच नाही, आणि ती त्याचा शोध घेत जाते. 74 हजार शब्द, 298 पानं. 26 महिन्यांत ती मी अकरा ठिकाणी पाठवली.

नकार येतात हे मला माहीत होतं. ते शरीराला कसे लागतात हे माहीत नव्हतं. आठवा नकार मी रात्रपाळीत, दोन क्रॉसमॅचच्या, म्हणजे दात्याचं रक्त रुग्णाला जुळतं का ते पाहायच्या चाचण्यांच्या, मधल्या वेळात फोनवर उघडला. दोन ओळींचा होता. त्यानंतर समोरच्या नळीवरचं लेबल मी तीनदा वाचलं, तरी नाव डोक्यात शिरेना. सोबतच्या मुलीला बोलावून तिच्याकडून ते तपासून घेतलं आणि पाच मिनिटं बाहेर जाऊन उभी राहिले. त्या रात्रीपासून कामावर मेल उघडणं मी कायमचं बंद केलं. घरी नवरा विचारायचा, "काही कळलं का गं?" मी म्हणायचे, "अजून नाही." कळून दहा दिवस झालेले असायचे. या खोटं बोलण्याचा त्रास नकारापेक्षा जास्त होता.

बाईंकडे नाव नोंदवलं तेव्हा त्यांनी तीन गोष्टी मागितल्या: पूर्ण संहिता, एक पानाचा गोषवारा, आणि आजवर आलेले सगळे नकार. नुसते नकार नव्हे. प्रत्येक ठिकाणी कधी पाठवलं, नेमकं काय पाठवलं, किती पानं पाठवली, उत्तर कधी आलं, असा तक्ता हवा होता. त्या तिसऱ्या मागणीपाशी मी अडखळले. ती पत्रं पुन्हा उघडायची नव्हती. काही मी पूर्ण वाचलीही नव्हती. "दुर्दैवाने" या शब्दापर्यंत यायचं आणि बंद करायचं, हीच माझी पद्धत होती. तक्ता करायला तीन दिवस लागले, आणि दुसऱ्या दिवशी हे सगळं सोडून द्यावं असं मनापासून वाटलं.

आता मागे बघताना वाटतं, या सेवेत दिलेल्या पैशांचं अर्धं मोल त्या तक्त्यातच वसूल झालं.

अहवाल नऊ पानांचा आला आणि त्याचं पहिलं पान कादंबरीवर नव्हतंच. ते माझ्या अकरा नकारांवर होतं. बाईंनी ते वेगवेगळे काढून ठेवले होते. चार ठिकाणांहून छापील मजकूर आला होता, "आमच्या प्रकाशन-यादीत बसत नाही" छापाचा. त्यावर त्यांचं म्हणणं असं, की या वाक्यातून लिखाणाबद्दल काहीच कळत नाही आणि आपण काही काढूही नये. पुढच्या वर्षा-दीड वर्षाची यादी आधीच भरलेली असू शकते, अशाच विषयाचं पुस्तक त्यांच्याकडे तयार असू शकतं, किंवा वाचणाऱ्याला खरोखर आवडलेलं नसू शकतं. तिन्हींसाठी वाक्य एकच वापरतात. तीन ठिकाणांहून उत्तरच नव्हतं. एका ठिकाणाहून पत्र आलं होतं की पुस्तक स्वीकारलं आहे, छपाईचा सगळा खर्च लेखिकेने करायचा आहे. तेही मी नकारांतच धरलं होतं, कारण त्या दिवशी मला सगळ्यांत जास्त अपमान वाटला होता. बाईंनी त्या ओळीवर काट मारून शेजारी लिहिलं होतं: "हा नकार नाही, होकारही नाही. हे दरपत्रक आहे. मोजू नका."

उरले तीन. दोन एकेका ओळीचे आणि एक जरा मोठं पत्र. एकात होतं, "निवेदनाची गती संथ वाटली." दुसऱ्यात, "व्यक्तिरेखेशी जोडलं जाणं कठीण गेलं." मोठ्या पत्रात माझ्या भाषेचं कौतुक होतं, आणि मग "पण कथा नेमकी कशाची आहे हे नमुना-प्रकरणांवरून उमगलं नाही." ही तिन्ही पत्रं मी "तुला लिहिता येत नाही" अशीच वाचली होती. बाईंनी ती एकाखाली एक ठेवली आणि त्यांच्यापुढे माझ्याच तक्त्यातला एक आकडा मांडला. तिन्ही ठिकाणी मी पहिली तीन प्रकरणं पाठवली होती, म्हणजे पहिली 50 पानं. आणि माझ्या कादंबरीत त्या रक्तदात्याची खुर्ची पहिल्यांदा रिकामी दिसते ती 47व्या पानावर.

आधीच्या 46 पानांत काय होतं? रक्तपेढी कशी चालते ते. तांबड्या पेशी कोणत्या तापमानाला ठेवतात, प्लेटलेट्स पाचच दिवस टिकतात आणि त्यांना सतत हलतं का ठेवावं लागतं, नोंदवही कशी भरतात. ते सगळं बरोबर होतं, अचूक होतं, मला अभिमान होता त्याचा. एका समासात बाईंनी पेन्सिलीने लिहिलं होतं, "फ्रीजचं तापमान चार वेळा कळलं. हिचे हात गार आहेत की गरम, एकदाही नाही."

हे वाक्य वाचून मी रडले. त्यात दुखावणं नव्हतं. 26 महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी माझ्या बाईच्या हातांकडे पाहिलं होतं.

अकरा जणांनी माझी कादंबरी नाकारली, असं मी स्वतःला सव्वादोन वर्षं सांगत होते. तक्ता वेगळंच सांगत होता. पूर्ण संहिता मागवून घेणारं त्यांत कुणीच नव्हतं. जे वाचलं गेलं ते माझं प्रास्ताविक होतं. मला हे इतकं मोठं वाटलं की त्या संध्याकाळी नवऱ्याला सगळा ढीग दाखवला, लपवलेल्या पत्रांसकट. त्याने सगळी वाचली. आणि म्हणाला, "एवढं एकटीने का गं?"

अशा सेवांचे अहवाल थोर लेखकांच्या नकारांच्या गोष्टींनी भरलेले असतात अशी मला भीती होती. त्या गोष्टी मी खूप ऐकल्यात, आणि त्यांनी मला कधीच धीर आला नाही. त्यांना नकार मिळाला नि ते मोठे झाले, यावरून माझं काय होणार हे कसं कळावं? बाईंनी एकच उदाहरण दिलं, पण ते नेमकं माझ्या दुखण्यावरचं होतं. विल्यम गोल्डिंग या इंग्रज लेखकाची पहिली कादंबरी बऱ्याच ठिकाणांहून परत आली होती. फेबर अँड फेबर या प्रकाशनसंस्थेतही संहिता पहिल्यांदा वाचणाऱ्याने ती नाकारली होती. चार्ल्स माँटीथ नावाच्या नव्या संपादकाने ती परतीच्या ढिगातून उचलली, पुढपर्यंत वाचली, आणि कादंबरीतली मुलं बेटावर पोचण्याआधीचा युद्धाचा सगळा भाग काढायला सांगितला. 1954 साली ती 'लॉर्ड ऑफ द फ्लाइज' म्हणून छापली गेली. नोबेल वगैरे पुढचं बाईंनी लिहिलंच नव्हतं. त्यांना सांगायचं होतं एवढंच, की कादंबरी लिहिताना लेखकाला स्वतःला आत शिरायला काही पानं लागतात, ती वाया जात नाहीत, पण वाचकाला ती पार करायला लावू नयेत.

अहवालानंतर तासभर फोनवर बोलणं सेवेतच धरलेलं आहे. मी प्रश्न लिहून ठेवले होते. दुसऱ्याच प्रश्नाला त्यांनी मला थांबवलं: "तुम्ही मला विचारताय हे छापण्यालायक आहे का. ते मी सांगणार नाही, मी प्रकाशक नाही. काय चाललंय आणि काय अडलंय ते विचारा." त्या क्षणी मला राग आला होता, कारण मला तेच हवं होतं. नंतर लक्षात आलं, त्यांनी हो म्हटलं असतं तर पुढच्या नकाराच्या दिवशी मी त्या 'हो'वरही संशय घेतला असता.

आता तक्रारी. चार आठवड्यांत अहवाल मिळेल असं ठरलं होतं, सात आठवडे लागले. उशीर होणार हे एका ओळीने कळवलं असतं तरी चाललं असतं. प्रकाशकांच्या उत्तराची वाट पाहून थकलेल्या माणसाकडूनच पैसे घेऊन पुन्हा तशीच वाट पाहायला लावणं मला बरोबर वाटलं नाही. मी फोनवर तसं बोलले, त्यांनी मान्य केलं, माफीही मागितली. पण जे झालं ते झालं.

दुसरी तक्रार प्रकाशकाला पाठवायच्या पत्राच्या मसुद्याची. हा भाग जास्तीचे पैसे भरून घ्यायचा असतो. मी घेतला, आणि तुम्ही घेऊ नका असंच सांगेन. मसुदा गुळगुळीत होता, कुठल्याही कादंबरीला चिकटवता येईल असा. ज्या बाईंनी गार हातांचं वाक्य लिहिलं त्यांनीच हे लिहिलं यावर विश्वास बसला नाही. शेवटी पत्र मी स्वतः लिहिलं, चार वाक्यांचं. पहिलंच वाक्य रिकाम्या खुर्चीचं.

सोबत एक पत्रक येतं, नकार आल्यावर काय करावं याचं. त्यात जेम्स पेनेबेकर या मानसशास्त्रज्ञाच्या 1986 सालच्या प्रयोगाचा आधार घेतला आहे. लागोपाठ चार दिवस, रोज 15 मिनिटं, मनाला लागलेल्या प्रसंगाबद्दल फक्त स्वतःसाठी लिहायचं. मी करून पाहिलं. दोन दिवस बरं वाटलं, तिसऱ्या दिवशी मी नकळत वाक्यं सुधारायला लागले आणि ते पुन्हा लिखाणच झालं. इतरांना उपयोग होत असेल. मला त्याच पत्रकातली दुसरी साधी सूचना कामी आली: नकार आला की त्या दिवशी संहितेला हात लावायचा नाही, फक्त तक्त्यात ओळ भरायची.

आणि एक गोष्ट आधीच समजून घ्या. ही सेवा प्रकाशक शोधून देत नाही, ओळखी काढत नाही, तसं वचनही देत नाही. वाचनाचे पैसे घेणारा जर छापून द्यायचंही आश्वासन देऊ लागला, तर तिथून उठलेलं बरं. माझ्या यादीतलं दरपत्रक मी ओळखलं नव्हतं, म्हणून हे आवर्जून लिहिते.

पुनर्लेखनाला पाच महिने लागले. 46 पानांची नऊ झाली. काढलेल्या पानांतलं थोडं पुढे योग्य जागी परत आलं, बाकीचं एका वेगळ्या फाइलमध्ये आहे आणि ती फाइल पुसायचं धाडस मला अजून झालेलं नाही. नवी संहिता 251 पानांची आहे. ती दोन ठिकाणी पाठवली आहे. एका ठिकाणाहून उत्तर यायचंय. दुसऱ्या ठिकाणी त्यांनी पहिली प्रकरणं वाचून पूर्ण संहिता मागवली, अडीच महिने ठेवली, आणि मग नकार दिला. दोन परिच्छेदांचं पत्र होतं. शेवटच्या प्रकरणातल्या जिन्यावरच्या प्रसंगाबद्दल त्यांना काय पटलं नाही ते नीट लिहिलं होतं.

हा नकार मला आधीच्या अकरांपेक्षा जास्त लागला, हेही सांगायला हवं. आता "त्यांनी वाचलंच नाही" असं म्हणायची सोय नव्हती. पण पत्र मी शेवटपर्यंत वाचलं, आणि त्याच संध्याकाळी घरी सांगितलं. पाचपैकी चार गुण मी या सेवेला देते ते याच्यासाठी. एक गुण त्या तीन आठवड्यांच्या शांततेचा आणि त्या मसुद्याचा कापला आहे.

रात्री तक्ता उघडला. बाईंनी फोनवर त्यात आणखी एक रकाना घालायला सांगितला होता, 'किती पानं वाचली गेली'. वरच्या अकरा ओळींत तिथे कुठे 50 आहे, कुठे प्रश्नचिन्ह. बाराव्या ओळीत मी 251 लिहिलं.